ट्रॅक्टरचा पीटीओ सुटत नसेल तर काय तपासावे

पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट. लिव्हर ओढूनही पीटीओ फिरतच राहिला, तर आधी इंजिन बंद करा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, अवजार जमिनीवर टेकलेले, किल्ली खिशात, आणि शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच खाली उतरा. नेहमीचा पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्ट हळू फिरतोय म्हणून काठी किंवा पाय लावून तो थांबवू नका.

आता एवढे ठरवा: लिव्हर हलतच नाही, की लिव्हर सुटतो पण शाफ्ट थांबत नाही?

लिव्हर जागचा हलत नसेल तर बहुधा आतल्या दात्यांवर ताण असतो. अवजारात गुंतलेला दोर, गवत, दगड काढा. इंजिन बंदच ठेवून शाफ्ट हाताने थोडा पुढे-मागे फिरवा आणि मग लिव्हर ओढून बघा. लिव्हरला पाइप लावून जोर करू नका, दाते सरकवणारा आतला काटा वाकतो. तरीही सुटला नाही तर खालचे दांडे, पिना आणि केबल बघा. गंज असेल तर साफ करून तेल द्या.

लिव्हर सुटतो पण शाफ्ट फिरतो, हा बिघाड जास्त फसवा. थ्रेशरसारख्या जड चाकाच्या यंत्राचा शाफ्ट स्वतःच्या वेगानेच बराच वेळ फिरत राहतो. म्हणून इंजिन बंद करून अवजाराचा शाफ्ट काढा, इंजिन पुन्हा सुरू करा, पीटीओ सुटा ठेवा आणि लांबून बघा. तेलात चालणारा क्लच असेल तर थंडीत घट्ट तेलामुळे पीटीओचे टोक सावकाश फिरते आणि तेल तापल्यावर थांबते. तापल्यावरही जोरात फिरले तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा पीटीओचा ब्रेक झिजला आहे.

ड्युअल क्लच असेल तर पेडलकडे वळा, कारण दोष अनेकदा इथेच सापडतो. अर्ध्या दाबात चाकांची ताकद सुटते, पूर्ण दाबात पीटीओची. पेडलची मोकळी चाल (क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढे सैल दबते ती) वाढली की दुसरा टप्पा पूर्ण होतच नाही. पेडल हाताने दाबून चाल मोजा, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवा, क्लचच्या दांड्यावर ती बसवा आणि लॉकनट घट्ट करा. ट्रॅक्टर महिनोन्महिने ओलाव्यात उभा असेल तर क्लच प्लेट गंजून चिकटलेली असू शकते. ते काम मेकॅनिकचे.

बटणाने चालणाऱ्या पीटीओत आधी तेलाची पातळी, फिल्टर, बटण आणि वायरी तपासा. मग इंजिन बंद करून सोलेनॉइडचा (विजेवर पीटीओचा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या भागाचा) प्लग काढा आणि पुन्हा सुरू करा. बहुतेक ट्रॅक्टरांत वीज तुटली की पीटीओ सुटतो. शाफ्ट थांबला तर दोष बटणात किंवा वायरीत, नाही थांबला तर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा क्लचच्या प्लेटा चिकटल्या आहेत. यासाठी ट्रॅक्टर खोलावा लागू शकतो.

दुरुस्ती होईपर्यंत अवजार जोडू नका आणि पीटीओच्या टोकावर टोपी घालून ठेवा.