ध्यान आणि आत्मपरीक्षण : घरी बसणाऱ्यांनी या चुका टाळा

नाशिकला ध्यान हा विषय नवा नाही. इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून सुरू आहे, समर्थ रामदासांनी टाकळीला १२ वर्षे तप केल्याची परंपरा इथल्या घराघरांत ठाऊक आहे, आणि पांडवलेण्यांच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेल्या खोल्या आजही पाहता येतात. असे असूनही घरी एकट्याने ध्यानाला बसणाऱ्यांच्या तक्रारी अगदी ठरावीक असतात. मन लागत नाही, झोप येते, उठल्यावर चिडचिड उलट वाढते, किंवा रोज डायरी लिहूनही स्वभाव होता तसाच राहतो. माझ्या मते यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे ध्यान व आत्मपरीक्षण ही दोन निराळी कामे एकाच बैठकीत उरकण्याचा प्रयत्न. ध्यानात मनात जे येते ते येऊ द्यायचे, त्याची दखल घ्यायची आणि पुन्हा श्वासाकडे वळायचे असते. आत्मपरीक्षणात एखादी घडलेली गोष्ट मुद्दाम हातात घेऊन तिचा शेवटपर्यंत विचार करायचा असतो. पहिल्या कामात विचाराचा पाठलाग करणे चूक आहे, तर दुसऱ्या कामात तो अर्धवट सोडणे चूक आहे.

ध्यानात हिशेब मांडत बसणे

सातपूरच्या एखाद्या कारखान्यातून पाळी संपवून घरी आलेला माणूस हातपाय धुऊन, डोळे मिटून बसतो असे समजा. दोन-तीन मिनिटे श्वासाकडे लक्ष राहते, आणि मग दुपारी साहेब सगळ्यांसमोर जे बोलले ते आठवते. इथे तो सहज सोडून देता येणारा विचार सोडत नाही, कारण ‘आपण स्वतःला तपासतो आहोत, म्हणजे हे उपयोगाचेच आहे’ अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पुढची वीस मिनिटे साहेबांना काय उत्तर द्यायला हवे होते याची जुळवाजुळव करण्यात जातात. उत्तर दर वेळी थोडे अधिक धारदार होते, छातीतली धडधड वाढते, आणि गजर वाजल्यावर तो तापलेल्या डोक्याने उठतो. घरातले मात्र त्या वीस मिनिटांना ध्यान समजून दूरदर्शन संचाचा आवाज कमी करून बसलेले असतात.

आपल्याकडे याला उगाळणे म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी या सवयीचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि आपल्या दुःखाची कारणे व परिणाम पुन्हा पुन्हा चाळत राहणाऱ्या माणसांची खिन्नता जास्त काळ टिकते असे त्यांच्या संशोधनात दिसून आले. असे उगाळणे बाहेरून अगदी चिंतनासारखे दिसते, म्हणून ते ओळखायला एक सोपी खूण लक्षात ठेवावी : दहा मिनिटांत एकही नवी गोष्ट कळली नसेल आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा मनात आले असेल, तर ते आत्मपरीक्षण राहिलेले नाही.

यावरचा उपाय वेळा वेगळ्या करणे हा आहे. ध्यान सकाळी करावे आणि आत्मपरीक्षण संध्याकाळी, जेवणाआधी किंवा जेवणानंतर थोड्या वेळाने, हातात पेन घेऊन करावे. सकाळी बसल्यावर साहेब आठवले तर ‘हे संध्याकाळी’ एवढेच मनाशी म्हणून श्वासाकडे परतावे. संध्याकाळची वेळ खरोखर पाळली जाते हे कळले की विषय तेवढ्या निकराने सकाळी मध्ये येत नाहीत. धम्मगिरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात मौनाबरोबर वाचन आणि लेखनही बंद असते, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पाहण्याच्या काळात नोंदी करत बसू नये, हा त्यातला व्यवहार घरीही लागू पडतो. झोपण्याच्या अगदी आधी मात्र दिवसाची तपासणी करू नये, कारण अंथरुणावर सुरू झालेला हिशेब बहुधा अंथरुणावरच चालू राहतो.

मन रिकामे होण्याची वाट पाहणे

‘माझ्या मनात फार विचार येतात, म्हणून मला ध्यान जमत नाही’ हे वाक्य कॉलेज रोडच्या तरुणांपासून गोदाकाठी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींपर्यंत सर्वांच्या तोंडी असते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारले की, या क्षणी तुमचे लक्ष हातातल्या कामावर आहे की दुसरीकडे. जवळपास ४७ टक्के वेळा ते दुसरीकडे होते. जे मन कामाच्या वेळी इतके भटकते, ते डोळे मिटल्याबरोबर गप्प बसेल ही अपेक्षाच अवाजवी आहे. ध्यानातला सराव हा परत येण्याचा असतो. वीस मिनिटांत चाळीस वेळा लक्ष सुटले आणि चाळीस वेळा परत आणले, तर बैठक चांगली झाली असे मानावे.

पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या नऊ विक्षेपांची यादी आहे : व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व, संशय, प्रमाद, आळस, अविरती म्हणजे विषयांची न सुटणारी ओढ, भ्रम, अपेक्षित भूमिका म्हणजे ध्यानाची पायरी न गाठता येणे, आणि गाठली तरी तीत टिकता न येणे. यातली शेवटची दोन कारणे मला विशेष वाटतात. आजचा नवशिका ज्याला स्वतःचा नालायकपणा समजतो, तो अडथळा तिथे नावानिशी आणि अगदी कोरडेपणाने नोंदवलेला आहे. काल छान लागले होते, आज अजिबात लागत नाही, यात बिघडलेले काही नाही. बिघडते ते कालच्या अनुभवाची आज मागणी केल्यावर.

झोप, गुडघे आणि पोट

ध्यानात रोज झोप येत असेल तर आधी रात्रीची झोप मोजावी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने डोळे मिटून बसल्यावर पेंगणे ही साधना कमी पडल्याची खूण नव्हे, शरीराची थकबाकी आहे; त्याने आधी झोपावे आणि उठल्यावर बसावे. भरल्या पोटी बसू नये. मांडी घालून गुडघे दुखत असतील किंवा पायांना मुंग्या येत असतील तर सरळ पाठीच्या खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून बसावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

शिबिराहून परतल्यावर दोन तास धरणे, मग सगळेच सोडणे

ही चूक नाशिककरांकडून अधिक होते, कारण इगतपुरी हाकेच्या अंतरावर आहे. शिबिरात पहाटे चारला उठून दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसण्याची सवय लागते, घरी गेल्यावर सकाळी एक आणि संध्याकाळी एक तास बसण्याची सूचना मिळते, आणि पहिला आठवडा ते उत्साहाने पारही पडते. मग मुलांची परीक्षा येते, गावाकडून पाहुणे येतात, एक दिवस चुकतो, आणि ‘आता नियम मोडलाच’ म्हणून बैठक कायमची बंद होते. पूर्ण दोन तास ज्यांना जमतात त्यांनी ते जरूर करावेत. ज्यांना जमत नाहीत त्यांच्यापुढे दोन तास किंवा शून्य असे दोनच पर्याय असतात, हे मात्र खरे नाही. रोजची पंधरा मिनिटे, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कामाला जोडून, उदाहरणार्थ सकाळचा चहा ठेवण्याआधी, पुष्कळ दूरवर नेतात.

एकवीस दिवसांत सवय लागते हा समजही इथे नडतो. लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, हे त्यातले निरीक्षण भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर त्याचा अर्थ अजून सवय व्हायची आहे, एवढाच घ्यावा.

आत्मपरीक्षणाची वही : निकाल लिहिणे, घटना न लिहिणे

संध्याकाळच्या वहीत होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे तिचा वापर स्वतःवर ताशेरे ओढण्यासाठी करणे. असे एक पान नमुन्यादाखल पाहू : ‘आज पुन्हा आईवर ओरडलो. मी कधीच सुधारणार नाही. माझा स्वभावच वाईट.’ यात घटना एका वाक्यात संपली आहे आणि उरलेली दोन वाक्ये निकालाची आहेत. निकाल लागल्यावर पुढे करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून हेच पान पुढच्या आठवड्यात जसेच्या तसे पुन्हा लिहिले जाते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांकडे फवारणीची नोंदवही असते. छाटणीनंतरचा कितवा दिवस, कोणते औषध, किती मात्रा, कशासाठी आणि हवा कशी होती, इतक्याच गोष्टी तीत असतात. बागेत भुरी म्हणजे पांढरी बुरशी आली तर शेतकरी ‘मी कसला शेतकरी’ असे वहीत लिहीत नाही. मागची पाने उलटून ढगाळ हवा किती दिवस होती, फवारणीला उशीर झाला का, पानांची गर्दी वाढली होती का, हे तपासतो आणि पुढची फवारणी ठरवतो. आत्मपरीक्षणाची वही नेमकी अशी असावी. वरचेच पान त्या पद्धतीने असे होईल : ‘सायंकाळी सव्वासात. द्वारका चौकात पाऊण तास अडकून घरी पोचलो, दुपारपासून काही खाल्ले नव्हते. आईने विचारले, “बाळा, सिलिंडर नोंदवलास का रे?” चप्पल काढायच्या आत तिने दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा ओरडलो. उद्या : आल्यावर आधी पाणी पिणे, पाच मिनिटे बसणे, मग बोलणे. सिलिंडर डबा खाताना नोंदवणे.’ या पानात स्वभावाबद्दल एक अक्षरही नाही, आणि तरी सुधारणेला धरता येईल असे त्यात बरेच काही आहे. वेळ, भूक, जागा आणि समोरच्याचे नेमके वाक्य लिहिले की पंधरवड्याच्या नोंदींतून आकृती दिसू लागते. राग नेहमी सातनंतरच येतो, किंवा विशिष्ट एका नातलगाचा फोन येऊन गेल्यावरच येतो, असे काहीतरी ध्यानी येते.

‘का’ या प्रश्नाचाही अतिरेक करू नये. ‘मी असा का आहे’ याचे उत्तर बालपणापर्यंत कितीही मागे नेता येते आणि ते तपासून पाहण्याची सोय नसते. ‘काय घडले’ आणि ‘पुढच्या वेळी काय करीन’ हे दोन प्रश्न साधे असले तरी त्यांची उत्तरे दुसऱ्याच दिवशी वापरून बघता येतात. लिहिताना ‘मी’ऐवजी स्वतःच्या नावाने लिहून पाहावे, म्हणजे ‘सुनील तेव्हा कशाने चिडला?’ असे. मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांच्या २०१४ च्या संशोधनात अशा रीतीने स्वतःशी बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी भावना सांभाळणे अधिक सोपे गेल्याचे आढळले. मराठी माणसाला हे अगदीच अनोळखी वाटू नये. ‘तुका म्हणे’ म्हणणारा कवी आणि मनाला समोर बसवून समजावणारे रामदास आपल्या कानांवर लहानपणापासून आहेत.

ध्यानाने सगळे बरे होईल असे मानणे

काहींना श्वासाकडे लक्ष देताच धाप लागल्यासारखे वाटते किंवा भीती दाटून येते. अशा वेळी नेट लावून बसू नये. डोळे उघडावेत, तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणवू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी बसण्याऐवजी सावकाश चालत हाच सराव करावा. सोमेश्वरच्या बाजूला पहाटे यासाठी भरपूर मोकळी वाट मिळते. जुन्या आघाताच्या आठवणी जोराने वर येत असतील, झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर बैठक वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. चालू असलेली मनाची औषधे ध्यान सुरू केले म्हणून आपल्या मनाने बंद करणे ही इथे सांगितलेल्या चुकांतली सर्वांत धोकादायक चूक आहे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी जो प्रश्न असतो, त्याचे उत्तर त्यामुळेच खरे द्यावे.

प्रगती चुकीच्या जागी मोजणे

डोळ्यांपुढे प्रकाश दिसला, शरीर हलके झाले, वेळेचे भान राहिले नाही, असे अनुभव येतात आणि जातात. त्यांवरून सुधारणा मोजता येत नाही. राग आल्यापासून तो ओसरेपर्यंत किती वेळ गेला, चूक झाल्यावर ती कबूल करायला किती दिवस लागले, या गोष्टी मोजता येतात आणि वहीत लिहिताही येतात. महिनाअखेरीस घरातल्या एका माणसाला, शक्यतो ज्याच्यावर आपला आवाज सर्वाधिक चढतो त्यालाच, विचारावे की काही फरक वाटतो का. पत्नीला विचारत असाल तर स्वयंपाकाच्या घाईत विचारू नका. मिळालेले उत्तर तिच्याच शब्दांत, खुलासे न जोडता, त्या महिन्याच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यावे.