बरीच वर्षं उभ्या असलेल्या एमजीबीला किल्ली लावण्याआधी

एमजीबी ही एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. बरीच वर्षं उभी असलेली अशी गाडी ताब्यात आली की हात आधी किल्लीकडे जातो. तो आवरा. इंजिन चालू करणं हे या तयारीतलं शेवटचं काम आहे.

सुरुवात सिलपासून, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या लांब पेट्यांपासून करा. 1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही, उघड्या गाडीचा बहुतेक भार सिलच पेलतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. जिथे आवाज बसका येतो तिथे टोक लावून बघा. गाडी जॅकवर घेतल्यावर दार उघडायला-मिटायला अडकू लागलं, तर सिल आतून गेले आहेत. मग पत्र्याचं काम आधी, इंजिन नंतर. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्या.

मग ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि कॅलिपरचे (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन आतून गंजवतं. जुने रबरी होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आतून फुगतात. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, पण सोडल्यावर परत येत नाही आणि चाक धरून राहतं. म्हणून होज बाहेरून कितीही चांगले दिसले तरी नवेच घाला. नवं डॉट 4 प्रकारचं ब्रेक ऑइल भरा आणि मास्टर सिलिंडरपासून (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत या. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळू नका. टायरच्या बाजूवरचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि साल सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालाआधीचा आहे, नक्षी शाबूत असली तरी बदला.

बॅटरी जोडण्याआधी थोडं थांबा. 1967 पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे. पुढे कुणी तेही बदललेलं असू शकतं, त्यामुळे नुसत्या सालावर जाऊ नका, वायरिंग तपासा. सीटमागच्या जमिनीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर त्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या असतात. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थची पट्टी मात्र हाताने ओढून बघाच. ती तुटलेली असली की स्टार्टरचा सगळा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. दोष भलतीकडेच शोधण्यात दिवस जातो.

जुनं पेट्रोल सगळं काढा. टाकी वरून गंजते, कारण डिकीची जमीन आणि टाकी यांच्यामधल्या फटीत ओल साठते. खालून बघून ते कळत नाही. टाकी उतरवलेली बरी. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. दोन्ही एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरची फ्लोट चेंबर (पेट्रोल साठणारी छोटी वाटी) उघडून चिकट थर पुसा. त्यात फ्लोटची सुई अडकते आणि पेट्रोल बाहेर वाहतं. कार्ब्युरेटरच्या वरच्या डॅशपॉटमध्ये एसएई 20 जाडीचं तेल घाला. आता आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवून फक्त इग्निशन ऑन करा. पंपाची टकटक काही सेकंदांत थांबायला हवी. थांबली नाही तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर पंप हवा ओढतोय.

इंजिनाला घाई केली की ते भोवतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोर करू नका, पिस्टनच्या रिंगा चिकटल्या आहेत. पुन्हा तेल घालून आणखी काही दिवस वाट पाहा. फिरलं की 20डब्ल्यू-50 तेल आणि नवा फिल्टर घाला. तेल पुरेसं झिंक असलेलं हवं, नाहीतर कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) झिजतात. प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत प्लग लावायचे नाहीत.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने पुसून 0.38 मिलिमीटर आणि प्लग 0.65 मिलिमीटर गॅपवर लावा. कूलंट भरा, एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलं नाही ना ते बघा.

आता किल्ली. इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत तेलाचा दाब चौरस इंचाला 50 ते 80 पौंड आणि आयडलला 10 ते 25 पौंड असावा. दाब चढलाच नाही तर लगेच बंद करा. क्लच फ्लायव्हीलला चिकटलेला असू शकतो, म्हणून इंजिन चालू असताना पहिल्यांदाच गियर टाकू नका. वीसेक मिनिटं चालवून तेल गरम असतानाच पुन्हा बदला. नळ्यांच्या क्लिपा दुसऱ्या दिवशी, इंजिन गार असताना, परत आवळा.