वाकळीला गोट घालण्याआधी

वाकळीचे टाके मधल्या चौकटीत येऊन पोचले की काम झालंच असं वाटतं आणि तिथंच घाई होते. पण वाकळ विरते ती आधी कडेला. रात्रीची ओढाताण, रोजची घडी, धुताना पिळणं, सगळं कडेवरच येतं. म्हणून शेवटच्या कामाला दोन मोकळे दिवस काढा, तेही मिरगाच्या आत. पाऊस लागला की जाड वाकळ आतून लवकर वाळत नाही.

काही जणी गोट, म्हणजे कडेनं शिवायची पट्टी, आधीच घालतात. मी शेवटी घालते, कारण टाके घालताना कापड सरकतं. वाकळ जमिनीवर अंथरा, चारी कडा मोजा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्या. दोन्ही तिरक्या मापांत बोटभर फरक चालतो. जास्त असेल तर कड खडूनं आखून कापा आणि लगेच कच्च्या टाक्यानं बांधून घ्या. आता डोळे मिटून दोन्ही तळवे सगळीकडं फिरवा. आतली जुनी साडी कुठं गोळा झाली असेल तर ते हातालाच कळतं. तिथं धावदोऱ्याच्या दोन ओळी वाढवा.

गोटाचं कापड नवं असेल तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. हे मी एकदा केलं नाही. धोतराच्या पांढऱ्या पाठीवर लाल गोट घातला, आणि पहिल्याच धुण्यात कडेनं गुलाबी ओघळ आले, वर गोट आटून कड चुणली. पंधरा दिवसांचं काम होतं, अजून मनाला लागतं. तेव्हापासून ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही.

60 बाय 90 इंचाच्या वाकळीला कडेनं 300 इंच गोट लागतो. कोपरे आणि शेवटचा सांधा धरून 312 इंच तयार ठेवा. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून 3 इंच रुंदीच्या 8 पट्ट्या निघाल्या की पुरतात, म्हणजे पाऊण मीटर आणा. कड सरळ आहे तर उभी-आडवी पट्टी चालते; उरेबी, म्हणजे कापडात तिरकी कापलेली पट्टी फक्त गोल कोपऱ्यांना. पट्ट्या तिरक्या जोडा, म्हणजे सांधा एका जागी फुगत नाही. जुन्या साडीचा काठ गोटाला फार देखणा दिसतो, पण जरीचा नको. गळ्याशी टोचतो.

सुती दोरा हातभरच घ्या आणि मेणावरून ओढा. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, आणि धारेची कात्री जवळ असू दे. डबीतल्या सुया मोजून बसा, उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तर लोहचुंबक फिरवून ती सापडेपर्यंत वाकळ कुणाच्या अंगावर घालू नका. तान्ह्याच्या दुपट्याला टिकल्या, मणी, बटणं नकोत आणि गाठी थरांच्या आत दडवा.

विकायची असेल तर माप धुतल्यानंतरचं सांगा. आतले थर जुन्या साड्यांचे असतील तर तसं स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, वापरून मऊ झालेलं सूतच ऊब देतं. रोज किती तास बसलात ते कॅलेंडरवर लिहीत जा आणि किंमत त्या तासांवरून काढा. ओळखीचं गिऱ्हाईक घासाघीस करणारच, तेव्हा ते कॅलेंडर दाखवा. फोटो दिवसाउजेडी, दोन्ही बाजूंचे.

शेवटी एक दिवस कडक उन्हात टाका, गार झाल्यावरच घडी घाला आणि सुती पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. घरची असो की गिऱ्हाइकाची, घडीत उरलेल्या गोटाची वीतभर पट्टी आणि त्याच दोऱ्याची एक गुंडी ठेवा, उसवलं तर हाताशी असेल.