बदलत्या टोलच्या लेनवर किती गाड्या येतील? अंदाज काढताना या चुका टाळा

मुंबईत टोल म्हणजे ठरलेला आकडा. सी लिंकवर कारला एका खेपेचे १०० रुपये, अटल सेतूवर २५०. मग सकाळचे नऊ असोत की रात्रीचे अडीच. पण फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि तासागणिक दर बदलणं तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलं नाही. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीच्या एसआर-९१ रस्त्यावर डिसेंबर १९९५ पासून टोलच्या लेन मोफत लेनला खेटून आहेत आणि त्यांचा दर तासानुसार बदलतो. सॅन दिएगोच्या आय-१५ वर तर १९९८ पासून गर्दी पाहून दर काही मिनिटांनी वरखाली होतो. आपल्याकडे विद्यार्थी आणि तरुण अभियंते अशा लेनचा अभ्यास हातात घेतात, तेव्हा साध्या टोल रस्त्याचं मॉडेल, म्हणजे गाड्यांचा अंदाज काढणारं गणित, उचलून तेच इथे चालवतात. बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

लेन मोजू नका, आधी शेजारचा मोफत रस्ता मोजा

टोलच्या लेनला स्वतःचं असं गिऱ्हाईक नसतं. मोफत रस्ता तुंबला की गाड्या तिकडे वळतात, मोकळा झाला की परत येतात. म्हणजे लेनचा अंदाज हा खरं तर मोफत रस्त्याच्या कोंडीचा अंदाज आहे. आणि कोंडी फार नाजूक असते. कागदावर एक हिशोब करून पाहा.

मोफत रस्त्यावरून तासाला ६,००० गाड्या निघू शकतात. सकाळी दोन तास तासाला ६,६०० येत राहिल्या. दर तासाला ६०० मागे राहतात, दोन तासांनी रांगेत १,२०० गाड्या. शेवटच्या गाडीला १२ मिनिटं उशीर. आता एकूण मागणी फक्त ५ टक्क्यांनी कमी धरा: ६,२७०. रांग ५४० गाड्यांची, उशीर साडेपाच मिनिटांच्याही आत. तासाला ३०० रुपये अशी वेळेची किंमत धरली, तर पहिल्या स्थितीत टोल चुकवण्यापेक्षा भरणं ६० रुपयांपर्यंत परवडतं. दुसरीत २७ रुपयांपर्यंत. मागणी घटली ५ टक्के, पण लोक मोजायला तयार असलेली रक्कम निम्म्याहून खाली आली.

साध्या टोल रस्त्याच्या अंदाजात ५ टक्क्यांची चूक कुणी मनावरही घेत नाही. इथे ती सगळा प्रकल्प उलटवू शकते. म्हणून लोकसंख्यावाढ, नोकऱ्यांची ठिकाणं, नवीन मेट्रो यांचे आकडे जितक्या काळजीने तपासाल तितकं कमीच.

याच हिशोबातून दुसरी चूक दिसते. दिवसभराची वाहतूक २४ ने भागून सरासरी काढली, तर वरच्या रस्त्यावर कोंडी नावालाही दिसणार नाही, कारण रात्रीची रिकामी क्षमता सकाळची रांग गिळून टाकते. मॉडेल तासातासाचं हवं, गर्दीच्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटांचं. आणि मागच्या तासाची रांग पुढच्या तासात नेणारं हवं. नऊची रांग साडेदहाला संपते, नऊ एकोणसाठला नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट जपा. सी लिंक आणि अटल सेतूवर दुचाकी, रिक्षांना बंदी आहे. मोफत रस्त्यावर मात्र त्या भरपूर आहेत. कार जिथे अडते तिथून बाइक फटीफटीतून पुढे जाते. सगळ्या वाहनांचा एकच सरासरी वेग घेतला तर कारवाल्याची कोंडी खऱ्यापेक्षा हलकी दिसते. टोल भरणारा कारवाला आहे, त्याचाच वेळ स्वतंत्र मोजा.

पर्यायाची किंमत गोठवून ठेवणं

अटल सेतूने नवी मुंबईकडे जायचं नसेल तर वाशी खाडीपूल हा पर्याय. त्याच्या नाक्यावर कारला ४५ रुपये लागत. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. अटल सेतूचा दर तोच राहिला, पण शेजारचा रस्ता स्वस्त झाला. सेतू खुला होण्यापूर्वी दिवसाला सुमारे ७० हजार वाहनांचा अंदाज सांगितला जात होता. पहिल्या वर्षात निम्मीही आली नाहीत. नाक्यांची टोलमाफी हे त्याचं एकमेव कारण नव्हे, ती तर नऊ महिन्यांनी आली. पलीकडचे जोडरस्ते, विमानतळ, वस्ती यांची वाढ अंदाजात धरलेल्या वेगाने झाली का, हेही पाहावं लागतं. पण मॉडेलमध्ये पर्यायाचा टोल, इंधन, सिग्नल, डांबरीकरणाची अवस्था हे सगळं बदलता येणारं असावं. उलट्या दिशेनेही असं होतं: कोस्टल रोड मोफत आहे आणि तो सी लिंकला जोडला गेल्यावर सी लिंकच्या त्याच १०० रुपयांत प्रवाशाला कितीतरी जास्त वाचलेला वेळ मिळू लागला.

वाचलेला वेळ मोजताना लेनच्या तोंडाशी थांबू नका. लेनमध्ये पाच मिनिटं वाचली आणि उतरल्यावर वरळीच्या सिग्नलला चार गेली, तर गिऱ्हाईक एका मिनिटाचे पैसे देणार आहे.

सगळ्यांच्या वेळेची एकच किंमत

वेळेची सरासरी किंमत तासाला ३०० रुपये, वाचणारा वेळ १० मिनिटं, म्हणजे ५० रुपये. टोल १०० ठेवला तर मॉडेल म्हणतं कुणीही येणार नाही. ४० ठेवला तर म्हणतं सगळे येतील. दोन्ही उत्तरं चूक. तासाला ६०० मोजणारे थोडे का होईना असतात, आणि बदलत्या टोलची लेन त्यांच्यावरच चालते. म्हणून सरासरी नको, किमतींचा पूर्ण विस्तार घ्या. केनेथ स्मॉल, क्लिफर्ड विन्स्टन आणि जिया यान यांनी एसआर-९१ च्या प्रवाशांवर २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच फरक ठळकपणे पुढे आला: वेळेची किंमत माणसागणिक खूप बदलते, आणि लोक नुसत्या वेळेसाठी नाही, खात्रीसाठीही पैसे मोजतात.

ही खात्री आपल्या अभ्यासांत हमखास सुटते. ज्या रस्त्याला रोज पाऊण तास लागतो आणि एखाद दिवशी दीड, त्याची सरासरी बऱ्यापैकी दिसते. पण विमान पकडायला निघालेला माणूस सरासरीवर निघत नाही, त्या दीड तासाच्या भीतीने निघतो. सरासरी वेळेबरोबर वाईट दिवसाचा वेळही मॉडेलमध्ये घाला; दर वीस दिवसांतला सर्वांत वाईट दिवस घेतला तरी चालेल.

शिवाय तोच माणूस रोज सारखा वागत नाही. लेनमध्ये २० टक्के वाहतूक दिसली म्हणजे २० टक्के लोक रोज टोल भरतात असा अर्थ होत नाही. एसआर-९१ वर अधूनमधून लेन वापरणारे खूप आहेत: मीटिंग असली की टोल, नसली की मोफत रस्ता.

निर्णय कोणाचा, पैसे कोणाचे

काळी-पिवळी वांद्रे रेक्लमेशनला पोचली की चालक मागे वळून विचारतो, "सी लिंकने घेऊ का साहेब? टोल तुमचा." निर्णय मागच्या सीटवर होतो. ॲपच्या गाडीत टोल भाड्यात जोडला जातो आणि रस्ता बहुतेक वेळा मोबाइल दाखवतो तोच. कंपनीच्या गाडीचा फास्टॅग कंपनीच्या खात्यावर असतो, चालकाला दराशी देणंघेणं नसतं. मासिक पासवाल्याला पुढची खेप फुकटच वाटते. अटल सेतूचा कारचा मासिक पास १२,५०० रुपये, म्हणजे पन्नास खेपांचे पैसे. या चौघांना "कारचालक" या एका रकान्यात टाकलं की मॉडेल कुणाचंच राहत नाही.

सर्व्हेत "तुम्ही किती टोल द्याल?" असं विचारू नका. टोलवर आपल्याकडे लोकांचा राग आहे, उत्तर "एक रुपयाही नाही" असंच येईल. त्यापेक्षा त्याच्या आजच्याच खेपेवर दोन पर्याय ठेवा: माहीम कॉजवेवरून ४० मिनिटं, टोल नाही, सी लिंकवरून २२ मिनिटं, ८० रुपये. कोणता घ्याल? आकडे बदलत अशा सात-आठ जोड्या विचारा. मग त्या उत्तरांना आजच्या सी लिंकच्या प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहा.

दर वाढला आणि गाड्याही वाढल्या?

आकडे हातात आल्यावर ही अडचण नक्की येते. टोल आणि गाड्यांचा आलेख काढला की दिसतं, दर जास्त तेव्हा गाड्याही जास्त. घाबरून आकडे फेकू नका आणि "आपल्याकडे लोक दर बघतच नाहीत" असाही निष्कर्ष काढू नका. दर गर्दीमुळेच चढवलेला असतो, त्यामुळे कोंडी, दर आणि गाड्या एकदम वाढतात. किमतीचा खरा परिणाम काढायचा तर कोंडी सारखी असताना दर वेगळा असलेले दिवस शोधावे लागतात. मिनेसोटात मायकेल जॅन्सन आणि डेव्हिड लेव्हिन्सन यांनी तिथल्या लेनवर दर मुद्दाम बदलून पाहिले, तरीही दर वाढल्यावर वापर वाढलेला आढळला. बहुधा पाटीवरचा चढा दर वाचून चालक समजतो की पुढे मोठी कोंडी आहे. म्हणजे दर हा खर्चही आहे आणि बातमीही. मोबाइलवर पुढची कोंडी आधीच दिसणाऱ्या मुंबईत ही बातमी कितपत कामाची, ते वेगळं तपासा.

मॉडेल अडलं तर कुठे पाहाल

मॉडेल पुन्हापुन्हा चालवताना टोल एका फेरीत ३० रुपये, पुढच्या फेरीत १५०, मग पुन्हा ३०: असा झुलत असेल तर प्रत्येक फेरीत नवा दर पूर्ण लावू नका, मागच्या फेऱ्यांशी सरासरी काढत थोडाथोडा सरकवा.

रात्री दोन वाजता मॉडेल लेनमध्ये पंचवीस टक्के गाड्या दाखवत असेल तर कॅलिब्रेशन करताना, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष मोजणीशी जुळवताना, कुणीतरी लेनच्या बाजूने ठोकळ आकडा घातला आहे. मोफत रस्ता मोकळा असताना वापर शून्याच्या जवळ गेलाच पाहिजे.

एका लेनमध्ये तासाला २,००० गाड्या दिसत असतील तर वेग टिकणार नाही, आणि वेग गेला की विकायला काही उरत नाही. अमेरिकेत कारपूलला मोफत किंवा सवलतीत सोडणाऱ्या अशा लेनना गर्दीच्या वेळी नव्वद टक्के काळ सरासरी वेग ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, राखावा लागतो. त्यासाठी साधारण १,६०० ते १,७०० गाड्यांवरच दर चढवून दार आवळलं जातं. त्यापुढची मागणी गाड्या वाढवत नाही, फक्त दर वाढवते. आणि दराला लोक आणि सरकार किती सहन करतील हेही लिहा: व्हर्जिनियात आय-६६ वर डिसेंबर २०१७ मध्ये एकट्याने जाणाऱ्या चालकांसाठी दर पहिल्याच आठवड्यात ४० डॉलरपर्यंत गेला आणि मोठा गदारोळ झाला.

कमाई जुळत नसेल तर सूट असलेली वाहनं आधी वेगळी काढा. ती लेनची जागा खातात, पैसे देत नाहीत.

रॉबर्ट बेन यांनी जगभरच्या शंभरहून अधिक टोल रस्त्यांचे आकडे तपासले तेव्हा प्रत्यक्ष वाहतूक अंदाजाच्या सरासरी ७७ टक्केच निघाली. बदलत्या टोलच्या लेनमध्ये धोका त्याहून मोठा आहे, कारण वरचा ५ टक्क्यांचा हिशोब तिला लागू आहे. म्हणून एकच आकडा देणारा अहवाल स्वीकारू नका.

शेवटी वर्षाचा गुणाकार. जानेवारीतल्या एका मंगळवारची मोजणी ३०० ने गुणून वर्षाची कमाई काढायची सवय मोडायला हवी. पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला पाणी भरलं की आजूबाजूचे मोफत रस्ते तुंबतात आणि त्या दिवसाचा दर वेगळाच असतो. मे महिन्यात शाळा बंद, गणपतीत निम्मी मुंबई कोकणात, रविवारी सकाळी रस्ते ओस. किमान चार प्रकारचे दिवस मोजा: शाळा चालू असलेला कामाचा दिवस, सुट्टीच्या हंगामातला कामाचा दिवस, शनिवार-रविवार आणि मुसळधार पावसाचा दिवस. प्रत्येकाची तासवार कमाई वेगळी काढा, मग वर्षात ते दिवस किती येतात त्याने गुणून बेरीज करा.