महागडा वायरलेस कीबोर्ड वापरताना या चुका टाळा

गावातील सेवा केंद्र, कृषी केंद्राचे काउंटर किंवा पतसंस्थेचे कार्यालय, अशा ठिकाणीही आता १० हजार रुपयांच्या आसपास किमतीचे वायरलेस कीबोर्ड दिसू लागले आहेत. दिवसभर अर्ज भरणाऱ्या किंवा हिशेब टाकणाऱ्या माणसाच्या बोटांना आणि मनगटांना अशा कीबोर्डमुळे आराम पडतो, त्यामुळे हा खर्च वायफळ म्हणता येत नाही. अडचण येते ती कीबोर्ड अडून बसल्यावर. तालुक्याच्या ठिकाणी त्याचे अधिकृत सेवा केंद्र बहुधा नसते आणि नागपूर किंवा अमरावतीला पाठवायचा तर मधल्या काळात काम खोळंबते. "बोर्ड मेला वाटते, भाऊ" असे म्हणून तो खोक्यात भरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा कीबोर्डच्या बहुतेक तक्रारींचे कारण कीबोर्डमध्ये नसते. ते त्याच्या भोवती, म्हणजे रिसीव्हरच्या (संगणकात खोचायच्या, कीबोर्डची लहर पकडणाऱ्या छोट्या यूएसबी तुकड्याच्या) जागेत, संगणकाच्या सेटिंगमध्ये किंवा खोलीच्या तापमानात असते.

सर्वाधिक तक्रार असते ती अक्षरे उशिरा उमटण्याची, मधली अक्षरे गळण्याची किंवा एकच अक्षर चार-पाच वेळा उमटण्याची. येथे पहिला संशय रिसीव्हरच्या जागेवर घ्यावा. सेवा केंद्रात सीपीयू सहसा लोखंडी टेबलाखाली जमिनीवर असतो, त्याच्या मागच्या बाजूला रिसीव्हर खोचलेला असतो आणि त्यालाच खेटून बोटांचे ठसे घेणारे यंत्र, प्रिंटरची केबल व पेन ड्राइव्ह लावलेले असतात. वायरलेस कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो आणि ही लहर लोखंडी पत्र्यातून नीट पार होत नाही. त्यात यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात हे मोजमापांसह दाखवून दिले आहे. निळ्या रंगाच्या, म्हणजे बहुधा यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये बाह्य हार्ड डिस्क लावून मोठी फाइल उतरवताना कीबोर्ड अडखळू लागला, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी असते. उपाय अगदी स्वस्त आहे. यूएसबीची लहानशी एक्स्टेन्शन केबल घ्यावी, ती शक्यतो काळ्या, म्हणजे यूएसबी २.० पोर्टमध्ये लावावी आणि रिसीव्हर टेबलावर कीबोर्डपासून हातभर अंतरावर उघडा ठेवावा. वाय-फायचा राउटर त्याच टेबलावर असेल तर तोही जरा दूर सरकवावा आणि जमत असल्यास संगणकाचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे.

रिसीव्हर न लावता केवळ ब्लूटूथवर भिस्त ठेवणे ही याच गटातील दुसरी चूक आहे. संगणक सुरू होताना येणाऱ्या बायोसच्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा चालत नाही, कारण तोवर ब्लूटूथ चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, सुरूच झालेले नसते. यूएसबी रिसीव्हर मात्र तेथे चालतो. भारनियमनाच्या गावात लाइन अचानक गेल्यावर संगणक अर्धवट बंद होतो आणि पुन्हा सुरू करताना एखादी कळ दाबण्याची सूचना पडद्यावर येते, तेव्हा हा फरक प्रकर्षाने जाणवतो. म्हणून एखादा साधा वायरचा कीबोर्ड खणात पडलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कीबोर्ड कितीही भारी घेतला तरी ही तजवीज सुटत नाही.

जुना किंवा खुल्या खोक्यातील कीबोर्ड घेताना रिसीव्हर त्याच जातीचा आहे ना, हे पाहावे. लॉजिटेक कंपनीचे बोल्ट आणि युनिफाइंग हे दोन रिसीव्हर दिसायला जवळजवळ सारखे असले तरी एकाचा कीबोर्ड दुसऱ्यावर चालत नाही.

आता केबलविषयी. चार्जिंगची केबल जोडली की वायरलेस कीबोर्ड आपोआप वायरचा होतो, हा समज फार पसरलेला आहे. लॉजिटेकच्या एमएक्स कीजसारख्या कीबोर्डमध्ये केबलमधून फक्त चार्जिंग होते आणि अक्षरे केबल लावल्यानंतरही हवेतूनच जातात. कीक्रॉनच्या के-२ सारख्या कीबोर्डमध्ये केबलवरून टंकन करता येते, परंतु त्यासाठी बाजूचे बटन केबलच्या खुणेवर सरकवावे लागते. हे ठाऊक नसल्याने केबल लावूनही कीबोर्ड चालत नाही म्हणून तो मेल्याचे ठरवणारे अनेक जण आढळतात.

याहून गमतीचा आणि कधी कधी महागात पडणारा प्रकार तीन उपकरणांच्या कळांचा आहे. अशा कीबोर्डवर एक, दोन, तीन अशा कळा असतात आणि प्रत्येकीवर वेगळे उपकरण जोडता येते. धूळ पुसताना किंवा रजिस्टर टेकवताना दोन क्रमांकाची कळ दाबली जाते, पडद्यावर काहीच उमटत नाही आणि टाइप केलेले सारे खिशातल्या मोबाइलमध्ये, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये जाऊन पडते. सेवा केंद्रात पासवर्ड आणि ओटीपी दिवसभर टाकावे लागतात, तेव्हा ही गंमत राहत नाही. कामाच्या जागी एकच उपकरण जोडलेले ठेवावे आणि उरलेल्या दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात.

कृषी केंद्रात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची तक्रार निराळी असते. पेमेंटसाठी एफ५ दाबले की पडद्याची किंवा कळांखालच्या दिव्यांची चमक बदलते, सेल्ससाठी एफ८ दाबले तर आवाज नाहीतर दुसरेच काही कमी-जास्त होते आणि खरिपाच्या गर्दीत, बियाण्याच्या बिलासाठी माणसे काउंटरवर दाटलेली असताना, चालवणाऱ्याचा पारा चढतो. कीबोर्ड बरोबरच असतो. वरच्या ओळीतील कळा त्या वेळी आवाज, चमक अशा कामांसाठी लावलेल्या असतात, एवढेच. एमएक्स कीजवर एफएन आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की एफ५ पुन्हा एफ५ होते. इतर कीबोर्डवर ही जोडी वेगळी असू शकते. ती माहितीपत्रकात पाहावी. ज्यांना दिवसभर आकडे टाकायचे आहेत त्यांनी उजवीकडचा अंकांचा भाग नसलेला आटोपशीर कीबोर्ड मुळात घेऊच नये. तो टेबलावर देखणा दिसतो, परंतु वरच्या ओळीतून रकमा भरता भरता त्याची हौस आठवडाभरात फिटते.

मराठी टंकनाचा घोळ स्वतंत्रपणे समजून घ्यावा. या कीबोर्डवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात, म्हणून त्यावर मराठी येत नाही असे काहींना वाटते. प्रत्यक्षात कोणत्या कळेवर कोणते अक्षर उमटावे हे संगणक ठरवतो, कीबोर्ड नव्हे. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली आणि विंडोज कळेसह स्पेसबार दाबला की इन्स्क्रिप्ट मांडणी सुरू होते. तिच्यात के कळेवर क, जे कळेवर र आणि डी कळेवर हलन्त येतो. टंकलेखनाच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन मांडणी शिकलेल्यांना ती परकी वाटते, त्यांनी रेमिंग्टन मांडणीचे टंकन देणारे युनिकोड साधन संगणकात बसवून घ्यावे. कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर सरकारी संकेतस्थळाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतो, त्याचा दोषही कीबोर्डला देऊ नये, कारण कृतिदेव हा जुना फॉन्ट युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखणारी पद्धत, वापरत नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबूनही भाषा बदलत नसेल, तर कीबोर्ड चुकून मॅकच्या पद्धतीवर गेला असण्याची शक्यता असते, कारण त्या पद्धतीत ऑल्ट आणि विंडोज या कळांची अदलाबदल होते. एमएक्स कीजवर एफएन आणि पी या कळा ३ सेकंद एकत्र धरल्या की तो विंडोजवर परततो. कळांवर देवनागरीचे स्टिकर चिकटवू नयेत. खालचा उजेड त्यांनी झाकला जातो आणि उन्हाळ्यात त्यांचा डिंक पाघळून बोटांना लागतो.

उन्हाळ्याचा विषय निघाला आहे तर बॅटरीबद्दलही सांगितले पाहिजे. लिथियम-आयन बॅटरीचे चार्जिंग साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेत करावे असे मानले जाते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत बाहेरचाच पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडखाली दुपारी त्याहून अधिक तापते. तेव्हा अशा खोलीत भर दुपारी चार्जिंग लावणे किंवा कीबोर्ड बंद गाडीत सोडून देणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. चार्जिंग सकाळी करावे. कूलरच्या थेट झोतासमोरही कीबोर्ड ठेवू नये, कारण त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. चार्जिंग वारंवार संपत असेल तर कळांखालचे दिवे बंद करून पाहावे. एमएक्स कीज दिवे लावून १० दिवस आणि दिवे बंद ठेवून ५ महिन्यांपर्यंत चालतो, असे कंपनीच सांगते. दिवसाउजेडी काम करणाऱ्याला त्या दिव्यांचा उपयोग तसाही थोडाच.

जिनिंगच्या परिसरात हंगामात कापसाचे तंतू कळांच्या फटीत जाऊन बसतात. ते काढण्यासाठी कीबोर्ड पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कारण त्या जोराने तंतू आणखी आत जातात आणि कळाही निखळतात. आधी कीबोर्ड बंद करावा, उलटा धरून हलकेच झटकावा, रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशने फटी साफ कराव्यात आणि किंचित ओलसर कापडाने पुसावे. पाणी किंवा द्रव थेट कळांवर फवारू नये. चपट्या कळा सुरीने उचकटल्या की त्यांना खालून धरणारी कात्रीच्या आकाराची नाजूक प्लॅस्टिकची जोडणी तुटते; स्पेसबार आणि एंटर यांच्या बाबतीत हे हमखास होते.

एवढे सगळे करूनही कीबोर्ड चालत नसेल तर जोडणी संगणकातून काढून टाकून नव्याने करावी आणि कीबोर्ड दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तेथे चालला तर दोष आपल्या संगणकात आहे आणि तेथेही नाही चालला तर मग सेवा केंद्राची वाट धरावी. पाठवताना रिसीव्हर आणि जीएसटी बिलाची छायाप्रत सोबत ठेवावी, मूळ बिल घरीच ठेवावे आणि पार्सलमध्ये लिथियम बॅटरी आहे हे कुरिअरवाल्याला आधीच सांगावे.