या चुका टाळा: उष्ण वाळवंटांच्या प्रश्नात हमखास जाणारे मार्क

परवा सराव परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. जगाचा कोरा नकाशा आणि साधा प्रश्न: उष्ण वाळवंटं दाखवा. निम्म्या पोरांनी विषुववृत्ताला धरून पिवळा पट्टा ओढलेला. एकाने तर अख्खं कांगोचं खोरं रंगवलं होतं. जिथं दुपारचा पाऊस सहसा चुकत नाही, तिथं या गड्याने वाळवंट केलं! साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवून पंधरा वर्षं झाली, पण ही चूक काही म्हातारी होत नाही.

त्याला बोलावून विचारलं, "का रे बाबा?"

"सर, विषुववृत्तावर ऊन सगळ्यात कडक. मग वाळवंट तिथंच असणार ना?"

दुखणं इथंच आहे. वाळवंट उन्हामुळं होत नाही, पाण्यावाचून होतं. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, थंड होते आणि आपलं पाणी तिथंच ओतून मोकळी होते. ही कोरडी झालेली हवा उंचावरून दोन्ही ध्रुवांकडे सरकते आणि 30 अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना दाबली जाते, तापते, आणि अशा हवेत ढग धरत नाही. म्हणून सहारा, अरबस्तान, थर विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि कलहारी, ऑस्ट्रेलियाची वाळवंटं दक्षिणेला. ढोबळमानाने 15 ते 30 अंशांमध्ये. ढग नाहीत म्हणून ऊन थेट जमिनीवर. उष्णता तिथं मागाहून येते.

आता याच पट्ट्यात बहुतेक वाळवंटं खंडांच्या पश्चिमेला का? व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, पश्चिम किनाऱ्याला पोचेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. त्यात किनाऱ्याला शीत प्रवाह: सहाराजवळ कॅनरी, नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिबजवळ बेंग्वेला, दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामाजवळ हम्बोल्ट. थंड पाण्यावरची हवा धुकं देते, पाऊस देत नाही. चिलीतल्या अरिकाला वर्षाला सरासरी एक मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही.

पोरं इथं हुशारी करतात. "सर, मग आपण वाळवंटात का नाही?" प्रश्न चांगला आहे. सातारा आणि सुदानमधलं अटबरा जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, 17.7 अंश उत्तर. अटबऱ्याला वर्षाचा पाऊस 100 मिलिमीटरच्या आत. आपल्याला मोसमी वाऱ्यांनी तारलं, एवढाच फरक.

यातूनच माझी दुसरी डोकेदुखी निघते. दहिवडी-म्हसवडकडची मुलं दरवर्षी ठासून सांगतात, "सर, आमचं माण म्हणजे वाळवंटच की!" जतचीही तेच म्हणतात. बाबांनो, तुमच्या आया-बहिणींनी टँकरमागं घागरी घेऊन धावाधाव केली, ते दुःख मला मान्य आहे. पण पेपरात दुःखाला मार्क नाहीत. वाळवंटाची नेहमीची मर्यादा वर्षाला 250 मिलिमीटर. माणात सरासरी पाऊस 500 च्या आसपास. तिथं ज्वारी-बाजरी पिकते, मेंढरं जगतात. तो पर्जन्यछायेतला, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यावर त्याच्या पाठीमागं कोरडा राहणारा, दुष्काळी भाग आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात सव्वाशे किलोमीटरवर माण. पर्जन्यछाया समजायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि तेच सोडून पोरं थरची अरवली पाठ करतात. तीही चुकीची: अरवली अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांना जवळपास समांतर आहे, म्हणून ते अडत नाहीत आणि बरसतही नाहीत. अडवते म्हणून लिहिलंत तर शून्य.

बारीकसारीक चुका एका दमात सांगतो. वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. सहारात वाळूचा भाग साधारण चौथाईच, बाकी उघडा खडक आणि दगडगोटे. जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट अंटार्क्टिका, सहारा हे सगळ्यात मोठं उष्ण वाळवंट. प्रश्नातला शब्द वाचा. गोबी थंड आहे, त्याला या यादीत घुसवू नका. उंटाच्या मदारीत चरबी असते, पाणी नाही. लिबियातल्या अल अझिझियाचा 58 अंश सेल्सिअस तापमानाचा विक्रम जागतिक हवामान संघटनेने 2012 मध्येच रद्द केला. आता अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा 56.7, तारीख 10 जुलै 1913. जुनी गाईडं अजून लिबियाच छापतात आणि पोरं अजून तीच घेतात, कारण ती पन्नास रुपयांनी स्वस्त.

"वाळवंट म्हणजे रात्रंदिवस गरम" यावर मी कुणाला हसत नाही, कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय. डिसेंबरात जैसलमेरला गेलो, सम इथल्या टेकड्यांवर मुक्काम, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दुपारी घाम पुसत होतो. मध्यरात्री उंटवाल्याची गोधडी मागून घेतली, तिचा वास चार दिवस गेला नाही. भूगोलाचा मास्तर! दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते. वर ढग नाहीत, हवेत बाष्प नाही, म्हणून ती अडत नाही. एवढं मला वर्गात तोंडपाठ होतं.

आता इलाज. वाळवंटांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून केलेली वाक्यं माझ्याकडे चालत नाहीत. तीस सेकंदांच्या व्हिडिओतून ती शिकलेला पोरगा नावं दहा सांगतो आणि नकाशावर बोट ठेवायला सांगितलं की खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडं बघतो. मी काय करतो ते सांगतो: कोऱ्या नकाशावर आधी दोन्ही 30 अंशांच्या रेषा पेन्सिलीने, मग पूर्वेकडून येणारे बाण, मग पश्चिम किनाऱ्यांना निळे प्रवाह. नावं सगळ्यात शेवटी. आठवडाभर रोज एक नकाशा. तेवढाही धीर नसेल तर दुसरा विषय घ्या.

कांगोवाल्याने सात नकाशे काढले. पुढच्या पेपरात पट्टा अगदी बरोबर आला, फक्त कलहारी दक्षिण अमेरिकेत नेऊन ठेवली. अक्षांश बरोबर होता, म्हणून अर्धा मार्क दिला.