थर्ड-पार्टी लायसन्स नोटीस: या चुका टाळा

दुसऱ्यांचा कोड आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला की त्याच्या लायसन्सची नोटीस सोबत द्यावी लागते. “लायसन्स एमआयटी आहे, म्हणजे काहीही करा” असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, वाचलंय का? एमआयटी हे ओपन सोर्स कोडचं एक लायसन्स, अवघ्या तीन परिच्छेदांचं. अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत जायला हवा. तीच मोडली जाते.

आमच्या एका टूलच्या रिलीजआधी नव्या सहकाऱ्याने एमआयटीचा मजकूर नेटवरून एकदाच चिकटवला आणि खाली आम्ही वापरलेल्या चाळीस लायब्रऱ्यांची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) नावं लिहिली. घाईत मीही ते चालवून घेतलं. आठवड्याभरात एका लायब्ररीच्या लेखकाचा मेल आला: माझी कॉपीराइटची ओळ कुठे गेली? त्याचं बरोबर होतं. मजकूर सगळीकडे सारखा असला तरी वर्ष आणि नाव ज्याचं त्याचं असतं, आणि जपायचं असतं ते तेच. रिलीज मागे घेतलं, दोन रात्री बसून एकेका पॅकेजमधली मूळ फाइल उचलली. त्या लायब्रऱ्या ज्यांच्यावर उभ्या होत्या, त्या मोजल्यावर आकडा तीनशेपुढे गेला.

आता मी डिपेंडन्सी (आपला कोड जिच्यावर अवलंबून असतो ती लायब्ररी) घेतो त्याच कमिटमध्ये, म्हणजे कोडबदलाच्या त्याच नोंदीत, तिची लायसन्स फाइलही टाकतो. यादी काढणारी टूल्स जरूर वापरा, पण त्यातली बरीच मेटाडेटातला (पॅकेजबद्दलच्या माहितीतला) ‘एमआयटी’ हा शब्द उचलून थांबतात. तो शब्द म्हणजे नोटीस नव्हे.

दुसरी चूक बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून बनवलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये लपते. रेपोत (मूळ कोडच्या साठ्यात) सगळं जागच्या जागी असतं, पण कोड आटोपशीर करणारा मिनिफायर त्यातल्या कॉमेंट्स, आणि त्यांत लिहिलेल्या नोटिसाही, उडवतो आणि लोकांच्या हाती बिल्डच पडते. बीएसडी हे दुसरं ओपन सोर्स लायसन्स तर बायनरीबाबत (सोर्सऐवजी तयार रूपात दिलेल्या प्रतीबाबत) स्पष्टच सांगतं: नोटीस डॉक्युमेंटेशनमध्ये किंवा सोबतच्या साहित्यात द्या. मी तयार झिप उघडून त्यात लेखकांची नावं शोधतो. पाच मिनिटं लागतात. तेवढीही नसतील तर रिलीज उद्या करा.

लायसन्स अपाची २.० असेल तर लायसन्सबरोबर ‘नोटीस’ फाइल आहे का पाहा. असली तर तिच्यातली श्रेयाची माहितीही द्यावी लागते. फॉन्ट विसरू नका, त्यांनाही लायसन्स असतं. जीपीएल या लायसन्सला नुसती नोटीस पुरत नाही, सोर्सचीही (मूळ कोड मिळण्याची) सोय करावी लागते.

“नावासाठी कोण कोर्टात जातं?” असंही विचारतात. जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरमधून लेखकांची नावं आणि कॉपीराइट नोटिसा गाळल्याची तक्रार होती. अशा अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं.